वाटून घेणे: एका क्रियापदाचे अपहरण

शहरे नकाशावर बदलण्याआधी शब्दकोशात बदलतात, असे आमचे मत आहे, आणि ते पटवून देण्याचा प्रयत्न या लेखात करायचा आहे. नगररचना, वाहतूक, घरभाडी हे विषय साहित्याच्या विद्यार्थ्याचे नव्हेत, असा एक समज आपल्या विद्यापीठांतून चांगलाच मुरलेला आहे. तिथे आकडेवारी असते, अभियंते असतात, कायदेपंडित असतात; भाषेच्या माणसाचे तिथे काय काम? पण गेल्या दीड दशकात जगातल्या मोठ्या शहरांविषयी जी धोरणे ठरली, त्यांतला निर्णायक वाद आकड्यांचा नव्हताच. तो एका क्रियापदाच्या अर्थाचा होता. इंग्रजीत ते ‘शेअर’ करणे, मराठीत वाटून घेणे. ‘शेअरिंग इकॉनॉमी’ या नावाने जे काही उभे राहिले, त्यात वाटले काय गेले आणि घेतले कुणी, हा प्रश्न अर्थशास्त्राचा जितका आहे तितकाच अर्थनिर्णयनाचा आहे.

मराठीत वाटून घेणे ही साधी क्रिया नाही. तिच्यामागे व्यवहाराचा जुना आणि पुष्कळदा कडवट अनुभव आहे. वाटा, वाटणी, वाटप, वाटेकरी, भागीदार, सामायिक, अर्धेली असे शब्दांचे मोठे कुळ आपल्याकडे नांदते, आणि त्यातला प्रत्येक शब्द वेगळे नाते सांगतो. वाटप वरून खाली होते. वाटणी समान हक्काच्या माणसांत होते, म्हणून तर तिच्यापायी सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात. सामायिक विहिरीवर पाण्याच्या पाळ्या लागतात आणि पाळी चुकली तर जाब विचारला जातो. अर्धेलीने जमीन कसणाऱ्याची पिळवणूक होत असे, हे कुणी नाकारणार नाही. पण त्या करारातही एवढे तत्त्व होते की पावसाने दगा दिला तर मालकाचाही वाटा आटत असे. या सगळ्या शब्दांतून एकच धागा जातो. ज्याचा वाटा आहे त्याचा तोट्यातही वाटा आहे, आणि त्याला हिशेब मागण्याचा अधिकार आहे. ज्याला हिशेब मागता येत नाही त्याला मराठी माणूस वाटेकरी म्हणत नाही, गडी म्हणतो.

आता त्या इंग्रजी शब्दाचा प्रवास पाहू. लॉरेन्स लेसिग या कायद्याच्या अभ्यासकाने २००८ मधल्या ‘रिमिक्स’ या पुस्तकात ‘शेअरिंग इकॉनॉमी’ची मांडणी केली, तेव्हा तिचा अर्थ स्वच्छ होता. व्यापारी अर्थव्यवस्थेहून वेगळी, पैशाच्या हिशेबाने न चालणारी देवघेव, असा तो अर्थ. विकिपीडिया हे तिचे ठळक उदाहरण. दोनच वर्षांनी, २०१० मध्ये, रेचल बॉट्समन आणि रू रॉजर्स यांचे ‘व्हॉट्स माइन इज युअर्स’ हे पुस्तक आले. माझे ते तुझे, असे त्याचे शीर्षकच सांगत होते. त्यात मित्राला मोफत दिलेले पुस्तक आणि परक्याला पैसे घेऊन दिलेली खोली एकाच प्रशस्त छत्राखाली आली. भाड्याने देणे या क्रियेला वाटून घेण्याचे वस्त्र मिळाले ते असे. २०१५ मध्ये टॉम स्ली यांनी आपल्या पुस्तकाला नाव दिले ‘व्हॉट्स युअर्स इज माइन’, तुझे ते माझे. दोन शीर्षकांतली दोन सर्वनामे जागा बदलतात आणि पाच वर्षांचा इतिहास सांगून जातात.

कंपन्यांनी मात्र हा शब्द हौसेने घेतला नव्हता. सॅन फ्रान्सिस्कोत २००७ मध्ये दोन तरुणांनी एका परिषदेच्या वेळी आपल्या भाड्याच्या घरात हवेच्या गाद्या टाकून पाहुण्यांची सोय केली, आणि त्यातून पुढे एअरबीएनबी उभी राहिली. आपल्या राहत्या घरातली जागा दुसऱ्याला देणे, याला वाटून घेणे म्हणता येईल. पैसे घेतले तरीही. पण जो मालक घरात राहतच नाही आणि वर्षभर ते घर रात्रीच्या हिशेबाने प्रवाशांना देतो, तो काय वाटतो? त्याला कंपनी ‘होस्ट’ म्हणते. आपल्याकडे यजमान हा शब्द आहे, आणि पाहुण्याकडून साफसफाईचे वेगळे पैसे घेणाऱ्याला तो लावायचा झाला तर मराठी जीभ अडखळते. ती अडखळते हे भाषेच्या प्रकृतीचे लक्षण मानावे.

त्याच शहरात ‘उबरकॅब’ नावाची सेवा २०१० मध्ये सुरू झाली. ऑक्टोबर २०१० मध्ये शहराच्या वाहतूक खात्याने आणि कॅलिफोर्निया राज्याच्या सार्वजनिक उपयोगिता आयोगाने तिला काम थांबवण्याचे आदेश दिले; परवान्याशिवाय टॅक्सी चालवता येत नाही, हे त्यामागचे कारण. कंपनीने काय करावे? तिने नावातला ‘कॅब’ काढून टाकला. गाड्या त्याच, चालक तेच, भाडे तसेच. फक्त एक शब्द गेला. पुढे सप्टेंबर २०१३ मध्ये त्याच आयोगाने अशा सेवांसाठी ‘ट्रान्सपोर्टेशन नेटवर्क कंपनी’ असा नवा वर्गच निर्माण केला. टॅक्सीचे नियम टॅक्सीला लागू होतात, आणि ही टॅक्सी नव्हे, असे आता सरकारी कागदावर आले. हॉटेलाचे नियम हॉटेलाला, नोकरीचे कायदे नोकराला. जे हॉटेल नाही, टॅक्सी नाही आणि मालकही नाही त्याला कोणता कायदा लावणार? ‘शेअरिंग’ हा शब्द या व्यवहाराचे वर्णन करण्यासाठी कधी आलाच नव्हता. तो कायद्यासमोर मांडलेला बचाव होता.

हा बचाव कुणी रचला, ते पाहण्यासारखे आहे. सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर एड ली यांनी २०१२ मध्ये शेअरिंग इकॉनॉमीसाठी एक कार्यगट जाहीर केला. म्हणजे नियमनाचा विचार सुरू होण्याच्या वेळीच वादातले एका पक्षाचे नाव सरकारने स्वीकारले होते. २०१४ मध्ये डेव्हिड प्लूफ उबरमध्ये धोरणप्रमुख म्हणून आले. ते ओबामांच्या २००८ च्या निवडणूक प्रचाराचे व्यवस्थापक. २०१७ मध्ये शिकागोच्या नीतिमंडळाने त्यांना ९०,००० डॉलरचा दंड केला, कारण नोंदणी न करता त्यांनी तिथल्या महापौरांकडे कंपनीसाठी रदबदली केली होती. क्लिंटन यांच्या व्हाइट हाउसमध्ये काम केलेले क्रिस लेहेन २०१५ मध्ये एअरबीएनबीत आले. त्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांसमोर अल्पकालीन भाड्यावर वर्षाला ७५ रात्रींची मर्यादा घालण्याचा प्रस्ताव होता. कंपनीने त्याच्या विरोधात ८० लाखांहून अधिक डॉलर खर्च केले आणि प्रस्ताव पडला. लगेच लेहेन यांनी जाहीर केले की शंभर शहरांत ‘होम शेअरिंग क्लब’ काढले जातील. ब्रॅडली टस्क हे न्यूयॉर्कचे महापौर ब्लूमबर्ग यांच्या २००९ च्या प्रचाराचे व्यवस्थापक. तेही पुढे उबरचे सल्लागार झाले. २०१५ मध्ये महापौर डी ब्लासिओ यांनी गाड्यांच्या संख्येवर मर्यादा आणायचे ठरवले तेव्हा उबरने आपल्या ॲपमध्येच महापौरांच्या नावाचा एक देखावा घातला. त्यावर बोट ठेवले की गाड्या दिसेनाशा होत किंवा ताटकळण्याची लांबलचक वेळ दिसे. तो प्रस्ताव त्या वेळी मागे पडला. मर्यादा आली ती थेट ऑगस्ट २०१८ मध्ये.

ही माणसे दुष्ट होती, असे आमचे म्हणणे नाही. म्हणणे एवढेच की ही सगळी शब्दांच्या धंद्यातली माणसे होती. वाहतूक-अभियंता किंवा गृहनिर्माणाचा जाणकार शहराचे धोरण घडवतो, असे आपण समजत होतो; इथे ते निवडणुकीचे प्रचारक घडवत होते. रस्त्यावर किती गाड्या मावतात, हा प्रश्न त्यांनी ‘तुम्ही नवतेच्या बाजूचे की विरोधातले’ या प्रश्नात रूपांतरित केला. जुलै २०२२ मध्ये ‘उबर फाइल्स’ या नावाने एक लाख चोवीस हजारांहून अधिक कागदपत्रे उघड झाली. २०१३ ते २०१७ या काळात देशोदेशींच्या मंत्र्यांपर्यंत कंपनीने कशी वाट काढली, ते त्यांत नोंदलेले आहे. त्या कागदांत राजकारणाच्या विद्यार्थ्याला लॉबिंग दिसेल. साहित्याच्या विद्यार्थ्याने त्यांत एक नवी वक्तृत्वकला पाहावी.

या वक्तृत्वकलेचा मुखवटा कुठे ओढला गेला असेल, तर तो लंडनमध्ये, आणि तोही काहीशा वाङ्मयीन पद्धतीने. ऑक्टोबर २०१६ मध्ये तिथल्या रोजगार न्यायाधिकरणापुढे प्रश्न होता की उबरचे चालक हे स्वतंत्र व्यावसायिक की कामगार. कंपनीचे म्हणणे असे की लंडनमध्ये तीस हजार छोटे छोटे उद्योग आहेत आणि आपण त्यांना जोडणारे एक व्यासपीठ तेवढे आहोत. न्यायाधिकरणाला ही कल्पना काहीशी हास्यास्पद वाटली, आणि तसे त्याने निकालपत्रात लिहिलेही. कंपनीच्या कागदपत्रांतली काल्पनिक रचना, पिळवटलेली भाषा आणि नवी घडवलेली परिभाषा पाहून शंका घेणेच योग्य, असे सांगताना त्याने ‘हॅम्लेट’मधल्या राणी गर्ट्रूडच्या सुप्रसिद्ध उद्गाराची आठवण काढली. जो अतोनात नाकारतो त्याच्यावर संशय घ्यावा, हा त्यातला भाव. शेक्सपिअर शिकवून काय मिळते, असे विचारणाऱ्यांना या निकालाची प्रत द्यावी.

हा खटला १९ फेब्रुवारी २०२१ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला, तोही चालकांच्या बाजूने. न्यायालयाने करारातल्या शब्दांपासून सुरुवात करायला नकार दिला आणि व्यवहार पाहिला. भाडे कोण ठरवते? कंपनी. कराराच्या अटी कोण ठरवते? कंपनी. भाडी वारंवार नाकारली तर चालकाला ॲपबाहेर कोण काढते? कंपनी. तारांकित गुणांवरून त्याच्या कामाला शिस्त कोण लावते? कंपनी. प्रवाशाशी त्याचा परस्पर संबंध जुळू नये म्हणून काळजी कोण घेते? पुन्हा कंपनीच. मग हा मनुष्य कामगार आहे. करारात त्याला काहीही म्हटलेले असो. निवेदक काय सांगतो त्यापेक्षा संहितेत काय घडते ते पाहा, असे आपण वर्गात सांगतो. त्या न्यायाधीशांनी तेच केले.

अर्थात सगळीकडे चांगले वाचक भेटत नाहीत. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदा करून अशा चालकांना कर्मचारी मानण्याची वाट मोकळी केली होती. नोव्हेंबर २०२० मध्ये कंपन्यांनी प्रस्ताव क्रमांक २२ मतदारांपुढे आणला, त्यासाठी वीस कोटींहून अधिक डॉलर ओतले आणि चालकांना पुन्हा ‘स्वतंत्र कंत्राटदार’ ठरवून घेतले. जुलै २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो प्रस्ताव वैध ठरवला. एका शब्दाचा अर्थ लंडनमध्ये पुराव्याने ठरला आणि कॅलिफोर्नियात खर्चाने, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे होणार नाही.

‘शेअरिंग’ या शब्दाला दुसरा अर्थ शक्यच नव्हता, असे मात्र कुणी समजू नये. दक्षिण कोरियातल्या सोल शहराने सप्टेंबर २०१२ मध्ये स्वतःला ‘शेअरिंग सिटी’ म्हणून जाहीर केले. तेव्हाचे महापौर पार्क वॉन-सून. त्या धोरणात रिकाम्या वेळी सरकारी सभागृहे नागरिकांना उघडी करणे होते, वस्तीत अवजारांची ग्रंथालये होती, एकट्या वृद्धाच्या घरातली रिकामी खोली विद्यार्थ्याला मिळवून देण्याची योजना होती. त्याच सोलने उबरच्या खाजगी गाड्यांच्या सेवेला विरोध केला आणि मार्च २०१५ मध्ये ती सेवा तिथे बंद पडली. वाटून घेण्याची भाषा बोलणाऱ्या शहराने वाटून घेण्याच्या नावाखालच्या धंद्याला दार लावले, यात विसंगती काहीच नव्हती. त्या शहराला त्या शब्दाचा अर्थ ठाऊक होता, इतकेच.

हे सारे परदेशातले आहे, आपल्याला त्याचे काय, असे ज्यांना वाटेल त्यांच्यासाठी मुंबईचे एक उदाहरण देतो. त्यात ॲप नाही, संगणक नाही; आहे ती एका शब्दाची करामत. मुंबईतल्या कापडगिरण्यांची जमीन सुमारे ६०० एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने तिची सरळ वाटणी सांगितली होती. गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करायचा तर एक तृतीयांश पालिकेला मैदाने-उद्यानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला सार्वजनिक घरांसाठी आणि उरलेली मालकाला. २००१ मध्ये हा नियम बदलला. वाटणी ‘मोकळ्या’ जमिनीचीच होईल, असे ठरले. मग प्रश्न आला की गिरणी पाडल्यावर मोकळी होणारी जमीन मोकळी, की आधीपासून जिच्यावर बांधकामच नव्हते तेवढीच मोकळी? मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये पहिला अर्थ घेतला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसरा अर्थ मान्य केला. गिरणी म्हटली की बहुतेक जमिनीवर शेड, चाळी, गोदामे असायचीच. त्यामुळे वाटणीला आलेला तुकडा आक्रसून गेला. परळ-लोअर परळच्या रस्त्यांवर आज जे काचेचे मनोरे उभे आहेत, त्यांच्या पायात सिमेंटबरोबर एका विशेषणाचा अर्थही ओतलेला आहे. वाटणीचा नियम तसाच राहिला. वाटायचे काय, तेवढे बदलले.

याच गिरणगावात ‘बदली’ हा शब्द होता. सकाळी गिरणीच्या दारात उभे राहायचे, कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी त्या दिवसापुरते काम मिळायचे; नाही तर परत. कुणाला आत घ्यायचे ते जॉबर ठरवी. आज ‘गिग’ या शब्दाला जी नवतेची झळाळी दिली जाते ती पाहून बदली कामगारांच्या कुठल्याही घरात हसू येईल. फरक इतकाच की जॉबरला चेहरा होता, त्याच्या दारी जाऊन भांडता येत असे. आताचा मुकादम फोनच्या आत आहे, आणि त्याने आपले काम प्रवाशांमध्ये वाटून टाकले आहे. पाच ताऱ्यांपैकी तीन देणाऱ्या ग्राहकाला कल्पना नसते की तो या क्षणी मुकादमी करतो आहे.

इथे आमच्यावर दोन आक्षेप येतील आणि ते रास्त आहेत. पहिला असा की जुनी व्यवस्था कुठे सोन्याची होती? टॅक्सीवाले भाडे नाकारत, मीटर पळवत. रात्री एकट्या बाईला रिक्षात बसताना धास्ती वाटे. आणि जुन्या सामायिकतेचे गोडवे गाताना तिच्या भोवतीचे जातीचे कुंपण विसरता येत नाही. गिरणगावातल्या गावकीच्या खोल्या, जिथे पाळीपाळीने झोपून माणसांनी आयुष्ये काढली, त्या बहुधा एका गावच्या, एका जातीच्या असत. शेतावरची सावड आणि इर्जिकही गावाच्या उतरंडीबाहेर नव्हती. ॲप निदान जात विचारत नाही. हे आम्हाला मान्य आहे. पण फोनवर गाडी येणे, तिचा माग दिसणे, पैशांची पावती मिळणे या तंत्राच्या सोयी आहेत. चालकाला हिशेब न दाखवणे ही सत्तेची सोय आहे. दोन्हींचे एकच गाठोडे बांधून ‘हवे तर सगळे घ्या’ असे सांगितले जाते, तिथे आमचा विरोध आहे. मुंबईत स्टेशनबाहेर रांगेने भरणारी शेअर टॅक्सी गाठोडे न बांधताही चालते. भाडे ठरलेले, प्रवासी अनोळखी, खर्च खरोखरीच वाटलेला.

दुसरा आक्षेप रोजगाराचा. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाने २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार असल्याचा अंदाज दिला आणि २०२९-३० पर्यंत ही संख्या २ कोटी ३५ लाख होईल असे म्हटले. इतक्या लोकांच्या पोटाशी खेळता का, असे आम्हाला विचारले जाईल. उलट, इतक्या लोकांना काय म्हणायचे हे ठरवण्याची घाई त्यामुळेच आहे. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिने गिग कामगाराला कायद्यात जागा दिली, हे खरे. पण त्याची व्याख्याच मालक-नोकर या पारंपरिक नात्याच्या बाहेर काम करणारा अशी केली. कंपनीने, म्हणजे कायद्याच्या भाषेत ‘ॲग्रिगेटर’ने, उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कल्याणासाठी द्यायची, तीही कामगारांना दिल्या जाणाऱ्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत. कल्याण मिळेल, हक्क नाही. लंडनच्या न्यायालयात जो प्रश्न पुराव्याने सोडवला गेला तो इथे व्याख्येने आधीच मिटवला गेला आहे. वाटणी मागायला आलेल्या माणसाच्या हाती वाटप ठेवायचे, ही आपल्याकडची जुनी रीत.

मग या कंपन्यांना मराठीत म्हणावे काय? वर्तमानपत्रे ‘सहभागी अर्थव्यवस्था’ लिहितात, चालकाला ‘पार्टनर’ म्हणतात. आमचा प्रस्ताव असा की नवा शब्द घडवण्याचे कारण नाही, जुना आहे. तो शब्द अडत्या. माल त्याचा नसतो, पैसा त्याचा नसतो, शेत त्याचे नसते. विकणारा आणि घेणारा यांची गाठ तो घालून देतो आणि त्याबद्दल अडत घेतो. काही कंपन्यांनी अलीकडे रिक्षावाल्यांकडून टक्केवारीऐवजी ठरावीक फी घ्यायला सुरुवात केली आहे. त्याने अडतीचा प्रकार बदलतो, अडत्या बदलत नाही. अडत्या हा शिवीचा शब्द नव्हे. बाजाराला त्याचा उपयोग असतो, तो कष्टही करतो. पण मराठी शेतकऱ्याने त्याला कधी पार्टनर म्हटले नाही, आणि अडत्यानेही आपण शेतकऱ्याबरोबर काही वाटून घेतो आहोत असा आव आणला नाही.

या शब्दाबरोबर एक इतिहासही आयता मिळतो. जुन्या बाजारांत हत्ता पद्धत होती. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवत. ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा, पण भाव कसा ठरला ते त्याला दिसत नसे. हा रुमाल काढून टाकण्यासाठी उघड लिलाव, परवानाधारक अडते, तपासता येणारी दप्तरे यांचा आग्रह धरावा लागला. बाजार समित्यांचा १९६३ चा कायदा त्याच धडपडीतून आला. त्या समित्या पुढे कशा पुढाऱ्यांच्या जहागिऱ्या झाल्या, ते आम्ही जाणतो. पण रुमाल काढायला हवा, हे तत्त्व त्यामुळे खोटे ठरत नाही. आज त्या रुमालाला अल्गोरिदम म्हणतात. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला आणि उबर यांना नोटिसा पाठवल्या. एकाच प्रवासाला फोनच्या प्रकारावरून वेगवेगळे भाडे दाखवले जाते, अशी तक्रार होती. कंपन्यांनी ती नाकारली. खरे काय, हा मुद्दा आम्ही बाजूला ठेवतो. प्रवासी आणि चालक दोघेही शेजारी उभे असताना, दोघांनाही भाव कसा ठरला ते तपासता येत नाही, ही गोष्ट निर्विवाद आहे. रुमाल म्हणतात तो याला.

आणि पार्टनर या शब्दालाही आपल्याकडे एक सच्चा प्रतिशब्द आहे. तो म्हणजे सभासद. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा ऊस घालणारा शेतकरी सभासद झाला. सभासदाला शेअर असतो, सभेत हात वर करता येतो, ताळेबंद मागता येतो. सहकाराचे पुढे जे झाले ते झाले. तरीही बिघडलेल्या संस्थेतल्या सभासदाला जे विचारता येते ते भरभराटीच्या कंपनीतल्या पार्टनरला विचारता येत नाही. उबरचा शेअर मे २०१९ मध्ये आणि एअरबीएनबीचा डिसेंबर २०२० मध्ये बाजारात आला. शेअर या शब्दाचा मराठीत रुळलेला पहिला अर्थ तोच आहे, आणि या प्रकरणात तेवढाच खरा ठरला.

तेव्हा साहित्याच्या अध्यापकांना आमची सूचना अगदी साधी आहे. कुठल्याही ॲपच्या अटी आणि शर्ती ही एक संहिता आहे. तिला निवेदक आहे, गृहीत वाचक आहे, सोयीस्कर मौने आहेत. पदवीच्या वर्गात ती एकदा ओळीओळीने वाचून घ्यावी. ‘भागीदार’ या शब्दाजवळ थांबून विचारावे की याचा भाग कुठे लिहिला आहे? अनुवादकांनी ‘शेअरिंग’ला सहभाग हा शब्द देण्याआधी तोट्यात कुणाचा सहभाग आहे ते पाहावे. वाहनाचे कर्ज चालकाचे, इंधन चालकाचे, अपघातानंतरचे रिकामे दिवस चालकाचे असतील, तर ‘भाडे’ आणि ‘अडत’ हे शब्द पुरेसे आहेत. हा शुद्धलेखनाचा हट्ट नव्हे. बार्सिलोनाने जून २०२४ मध्ये जाहीर केले की पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या १०,१०१ घरांचे परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर चालू ठेवले जाणार नाहीत. अशा घरांना ‘वाटून घेतलेली घरे’ म्हटले तर हे धोरण मांडता येत नाही; ती रहिवाशांच्या हातून गेलेली घरे आहेत असे म्हटले, तरच ते मांडता येते.

आपल्याकडेही ॲपवरच्या वाहनांचे, घरांचे, घरपोच सेवांचे नियम आता राज्याराज्यांत लिहिले जात आहेत. राजस्थानने २०२३ मध्ये वेगळा कायदा केला, कर्नाटकाने २०२५ मध्ये. प्रत्येक मसुद्याच्या आरंभी व्याख्यांचे कलम असते आणि आपण ते ओलांडून पुढे जातो, कारण ते रुक्ष असते. भांडण नेमके तिथेच करायचे आहे. पुढची कलमे त्या पहिल्या पानावर आधीच ठरून गेलेली असतात.